ड्रोनचा फवारा वावरात नेमका कुठे पडतो: प्रवाह, पट्टा आणि उडता तुषार तपासायची पद्धत

सोयाबीनमध्ये ड्रोनने तणनाशक मारलं, आठ-दहा दिवस झाले, आणि वावरात हिरव्या गवताच्या समांतर रेघा उभ्या राहिल्या. औषध हलकं निघालं, असं म्हणून लोक कृषी केंद्रावर जाऊन भांडतात. त्याआधी टेप घेऊन दोन रेघांमधलं अंतर मोजा. अंतर ड्रोनच्या एका फेरीच्या रुंदीइतकं, म्हणजे चार-साडेचार मीटर, भरलं तर पट्टा, म्हणजे एका फेरीत फवारा पडतो असं धरलेली रुंदी, गरजेपेक्षा रुंद धरला गेला. अंतर त्याच्या दुप्पट भरलं तर ड्रोनच्या एका बाजूचा नोझल कमी चालला. ड्रोन एका फेरीत पूर्वेला जातो, दुसऱ्या फेरीत पश्चिमेला. त्यामुळे त्याची कमजोर बाजू दर दुसऱ्या सांध्यावर समोरासमोर येते आणि रेघा दुप्पट अंतरावर उमटतात. हे दोन्ही दोष हंगामाआधी नुसत्या पाण्यावर सापडतात. ती तपासणी कशी करायची, हे इथे क्रमाने दिलं आहे.

सगळे आकडे आपल्या विदर्भात जास्त दिसणाऱ्या यंत्रासाठी आहेत: १० लिटर टाकीचा ड्रोन, मोटरींखाली चार नोझल, भरल्या टाकीसह वजन २५ किलोच्या आत. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे २ ते २५ किलोपर्यंतचं यंत्र ‘स्मॉल’ वर्गात येतं. तपासणी पाण्याची असली तरी उड्डाण ते उड्डाणच. ड्रोनला नोंदणी क्रमांक हवा, उडवणाऱ्याकडे रिमोट पायलट प्रमाणपत्र हवं आणि गाव सरकारी ड्रोन नकाशावर ग्रीन झोनमध्ये, म्हणजे वेगळी परवानगी न लागणाऱ्या भागात, आहे का ते बघायला हवं. नागपूर विमानतळाच्या आसपासच्या गावांनी हे आधी पाहावं, कारण विमानतळाजवळ परवानगीशिवाय उडवता येत नाही.

केव्हा आणि कुठे

पट्टा मोजायला वॉटर सेन्सिटिव्ह पेपर लागतो. हा पिवळा कागद पाण्याचा थेंब पडला की तिथे निळा होतो. पण हवेतल्या दमटपणानेही तो निळसर पडतो. आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर गेली की कार्डं हातातच खराब व्हायला लागतात, आणि आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये सकाळी ती तेवढी असतेच. मे महिन्याची दुपारही चालत नाही, कारण ४४-४५ अंशांत बारीक थेंब कार्डावर पोचायच्या आधीच सुकतो. हरभरा निघाल्यानंतर फेब्रुवारी-मार्चमधली सकाळ, आठ ते दहाची वेळ, सगळ्यात चांगली. ती हुकली तर जूनमध्ये पेरणीआधी पावसाने उघडीप दिली की सकाळी नऊनंतर करा. हंगाम चालू असताना करायची वेळ आलीच, तर कार्डं हवाबंद डब्यात ठेवा आणि उड्डाणाच्या पाच मिनिटं आधीच मांडा.

पट्टा मोजायची जागा ६० मीटर लांब आणि २० मीटर रुंद, सपाट हवी. हरभऱ्याचं किंवा सोयाबीनचं रान, खुंट उभे असलेलं, उत्तम. नांगरलेल्या काळ्या मातीवर पात्यांच्या वाऱ्याने धूळ उठते आणि कार्डावर बसते, मग थेंब कोणता आणि माती कोणती ते कळत नाही. धुऱ्यावरची (बांधावरची) बाभूळ-पळस आणि विजेची तार यांच्यापासून मोकळं अंतर ठेवा. झाडाच्या आडोशाला वारा फिरतो आणि पट्टा एका बाजूला सरकलेला दिसतो. तो दोष यंत्राचा नसतो.

वारा मोजायला हाताच्या मुठीत मावणारं वाऱ्याचं मीटर पुरतं. पट्टा मोजताना ताशी ३ ते १० किलोमीटर वारा ठीक. अगदी वारा नसलेली पहाट चांगली वाटते, पण तेव्हा जमिनीलगत थंड हवेचा थर असतो आणि त्याच्यावर गरम. बारीक थेंब त्या थरात लोंबकळत राहतात आणि हवेची झुळूक येईल तिकडे जातात. पांदणीवरचा धूर वर न जाता आडवा पसरत असेल तर तो थर अजून मोडलेला नाही असं समजा. ऊन चढून तासभर होऊ द्या.

आधी जमिनीवर: नोझलची मोजणी

उडवण्याआधी यंत्र दोन विटांवर किंवा स्टँडवर ठेवा आणि पाती काढून टाका. पाती लावलेली असताना पंप चाचणी करू नका, चुकून मोटर सुरू झाली तर हात जातो. पायलटने रिमोट दुसऱ्याच्या हातात देऊ नये.

लागणारं सामान: एक-एक लिटरचे खुणा असलेले चार मोजपात्र, घड्याळ, तोलकाटा आणि स्वच्छ पाणी. टाकी, गाळणी आणि प्रत्येक नोझलमागची बारीक जाळी काढून धुवा. नोझल साफ करायला जुना दात घासायचा ब्रश वापरा. टाचणी किंवा तार घालू नका. भोकाची कड एकदा ओरखडली की थेंब वाकडा निघतो आणि तो नोझल पुन्हा सरळ होत नाही.

टाकीत ५ लिटर पाणी भरा, पंप अर्धा मिनिट चालवून नळीतली हवा काढा, मग चारही नोझलखाली मोजपात्र धरून बरोबर ६० सेकंद चालवा. असं तीनदा. चार नोझलची सरासरी काढा. जो नोझल सरासरीपेक्षा ५ टक्क्यांहून जास्त कमी-अधिक देतो तो पुन्हा साफ करा. १० टक्क्यांहून जास्त फरक राहिला तर बदला. बदलताना एकटा नको, चारही एकदम. जुने तीन झिजलेले असतातच आणि नवा त्यांच्याशी जुळत नाही.

नोझलचा रंग हा त्याच्या मापाचा पत्ता आहे. आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे नारिंगी म्हणजे ०१, हिरवा ०१५, पिवळा ०२, निळा ०३. तीन बार दाबाला नारिंगीतून मिनिटाला साधारण ०.४ लिटर, हिरव्यातून ०.६, पिवळ्यातून ०.८ आणि निळ्यातून १.२ लिटर पाणी जातं. दाब वाढवला की प्रवाह त्याच पटीत वाढत नाही. प्रवाह दुप्पट हवा असेल तर दाब चौपट करावा लागतो. म्हणून कमी पडणारा प्रवाह पंप जोरात चालवून भरून काढायच्या नादी लागू नका. त्याने फक्त थेंब बारीक होतो आणि उडून जातो. मोठा नोझल लावा किंवा ड्रोन सावकाश चालवा.

हीच मोजणी एकदा भरलेल्या बॅटरीवर आणि एकदा उतरत आलेल्या बॅटरीवर करा. काही यंत्रांत बॅटरी उतरली की पंपाचा जोर कमी होतो, आणि प्रत्येक उड्डाणाचा शेवटचा अर्धा एकर उपाशी राहतो. फरक दिसला तर बॅटरी किती टक्क्यांवर उतरवायची ते त्याप्रमाणे ठरवा.

प्रवाहमापीही इथेच तपासा. स्क्रीनवर ३ लिटर गेले असं दिसलं तेव्हा पात्रांत प्रत्यक्ष किती जमलं ते तोलून बघा. एक लिटर पाण्याचं वजन एक किलो, त्यामुळे मोजपात्राच्या खुणांपेक्षा तोलकाटा खरा. सेटिंगमध्ये दुरुस्ती करून पुन्हा एकदा मोजा.

पंप बंद केल्यावर किती वेळ थेंब गळतो तेही बघा. दोन सेकंदांनंतरही गळत असेल तर नोझलमागचा थेंबरोधक झडप-पडदा कडक झालेला असतो. धुऱ्यावर वळताना हीच गळती शेजाऱ्याच्या वावरात पडते.

हिशेब

एकरी १० लिटर पाणी, वेग सेकंदाला ४ मीटर आणि पट्टा ४ मीटर धरू. सेकंदाला १६ चौरस मीटर झाले, मिनिटाला ९६०. एकर म्हणजे ४,०४७ चौरस मीटर, म्हणून मिनिटाला ०.२३७ एकर. त्याला १० ने गुणलं की मिनिटाला २.३७ लिटर. चार नोझलमध्ये वाटले तर प्रत्येकी ०.५९ लिटर. हा हिरव्या नोझलचा तीन बारचा प्रवाह आहे.

पण बऱ्याच ड्रोनचा पंप प्रत्यक्षात तीन बार देत नाही. दोन बारच मिळाला तर हिरव्या नोझलमधून मिनिटाला ०.४८ लिटर निघेल, चारांचे मिळून १.९३. तेवढ्या पाण्यात एकरी १० लिटर बसवायचे असतील तर वेग सेकंदाला ३.२५ मीटरपर्यंत खाली आणावा लागतो. हा हिशेब न करता रिमोटवर ४ ठेवला तर एकरी ८ लिटरच पडतं. डोस एकरी ठरलेला असल्याने औषधही त्याच प्रमाणात कमी पडतं आणि टाकीच्या तळाशी उरतं. उरलेलं पुन्हा त्याच वावरावर फिरवायची सवय घातक आहे, कारण ते ठरावीक भागावरच दुप्पट पडतं.

कागदावरचा हिशेब हवेत खरा ठरतो का, ते असं बघा. टाकीत तोलून ८ लिटर पाणी भरा. १०० मीटरच्या सरळ पाच फेऱ्या मारा, पट्टा ४ मीटर. पाच फेऱ्यांत २,००० चौरस मीटर होतात, म्हणजे जवळपास अर्धा एकर, आणि पाणी ४.९ लिटर लागायला हवं. उरलेलं पाणी तोला आणि ८ लिटरमधून वजा करा. लागलेलं पाणी ४.७ ते ५.२ लिटरच्या बाहेर गेलं तर प्रवाहमापी, वेग किंवा वळणावर पंप बंद होण्याची वेळ यांत कुठेतरी चूक आहे. बहुतेकदा ती वळणावर असते.

पट्टा मोजणं: सगळ्यात महत्त्वाची पायरी

विकणारा सांगतो तो रुंदीचा आकडा बहुधा हवेत फवारा दिसतो तिथपर्यंतचा असतो. पिकाला उपयोगी पट्टा त्यापेक्षा अरुंद असतो, कारण कडेला थेंब विरळ होत जातात. शेजारच्या दोन फेऱ्यांच्या विरळ कडा एकमेकींवर पडून मिळून मधल्याइतक्या भरल्या, तर ती रुंदी बरोबर. मोठ्या शेती-विमानांसाठीही जगभर हीच पद्धत वापरतात. अमेरिकी कृषी अभियंत्यांच्या संघटनेचं एस-३८६ हे मानक त्यासाठीच आहे.

वाऱ्याची दिशा बघा. ड्रोन वाऱ्याच्या अगदी समोर उडेल अशी त्याची रेषा आखा, १५ अंशांपेक्षा जास्त तिरकी नको. त्या रेषेला काटकोनात १२ मीटर लांब दोरी बांधा आणि तिच्यावर दर अर्ध्या मीटरला खूण करा, म्हणजे मध्यापासून दोन्हीकडे १२ आणि मधली एक, एकूण २५ जागा. प्रत्येक जागी जमिनीपासून ३० सेंटीमीटर उंच खुंटी, तिच्यावर लाकडी पट्टीचा तुकडा आणि त्याला चिमट्याने कार्ड. कार्ड हातमोजे घालूनच हाताळा, घामाचं बोट लागलं की निळा ठसा उमटतो. प्रत्येक कार्डाच्या पाठीवर जागेचा आणि फेरीचा क्रमांक पेन्सिलने आधीच लिहून ठेवा.

कार्डं महाग वाटली तर स्वस्त मार्ग आहे. चकचकीत पांढरा फोटो कागद कापून घ्या आणि पाण्यात लिटरला २-३ ग्रॅम लाल खाद्यरंग मिसळा. डाग बघायला पुरेसा असतो. फक्त टाकी नंतर नीट धुवा.

टाकीत ५ लिटर साधं पाणी. औषध घालून ही चाचणी कधीही करू नका, लोक कार्डं उचलायला लगेच त्या पट्ट्यात जातात. ड्रोन दोरीच्या किमान २० मीटर आधीपासून फवारत यावा आणि २० मीटर पुढे जाईपर्यंत फवारत राहावा. उंची कार्डापासून २ मीटर, वेग सेकंदाला ४ मीटर. वेग दोरीवर स्थिर असायला हवा, म्हणून ही फेरी हाताने न उडवता नकाशावर रेषा आखून उडवा. ड्रोन गेल्यावर एक मिनिट थांबा, बारीक थेंब उशिरा बसतात. मग कार्डं सावलीत वाळवून डब्यात भरा. असं तीन वेळा, प्रत्येक वेळी नवी कार्डं घेऊन.

मोजायला पुठ्ठ्यात एक सेंटीमीटर बाय एक सेंटीमीटरची खिडकी कापा. दहापट दाखवणाऱ्या भिंगातून प्रत्येक कार्डावर तीन ठिकाणी डाग मोजून सरासरी काढा. मोबाईलने फोटो काढून मोजणारी ॲप्सही आहेत, पण पहिल्या वेळी दोन-चार कार्डं हाताने मोजून ताडून पाहा. डाग हा थेंबापेक्षा साधारण दुप्पट रुंद असतो, कारण पाणी कागदावर पसरतं. आणि थेंबांची संख्या म्हणजे पाण्याचं प्रमाण नव्हे: दुप्पट व्यासाच्या एका थेंबात आठ लहान थेंबांइतकं पाणी असतं. म्हणून संख्या लिहिताना मोठे डाग कोणत्या कार्डांवर जास्त आहेत तेही लिहा.

आता हे आकडे कसे वाचायचे ते उदाहरणाने. समजा मधल्या कार्डावर चौरस सेंटीमीटरला ३० थेंब आले. मध्यापासून अर्ध्या मीटरवर दोन्हीकडे ३४, एक मीटरवर ३२, दीड मीटरवर २४, दोनवर १४, अडीचवर ६ आणि तीन मीटरवर २. म्हणजे फवारा एकूण सहा मीटर दिसला. आता शेजारची फेरी किती अंतरावर ठेवायची?

५ मीटर ठेवली तर दोन फेऱ्यांच्या मधोमध, प्रत्येकीपासून अडीच मीटरवर, ६ आणि ६ मिळून फक्त १२ थेंब पडतात, आणि काही फुटांवर ३४. गवताच्या रेघा इथेच उगवतात. साडेचार मीटरला सगळ्यात कमी २० येतात. चार मीटरला सांध्यावर १४ आणि १४ मिळून २८, आणि कुठेही ३४ च्या वर किंवा २८ च्या खाली जात नाही. मोबाईलवरच्या एक्सेलमध्ये हे आकडे टाकून प्रमाण विचलनाला सरासरीने भागलं आणि शंभरने गुणलं तर ५ मीटरला साधारण ३३ टक्के, साडेचारला २० टक्के आणि चारला ८ टक्के असमानता निघते. २५ टक्क्यांच्या आत असेल ती रुंदी चालते. पण तणनाशकासाठी साडेचारवर न थांबता चार घ्यावी, असं आमचं मत आहे, कारण वावरात वारा चाचणीइतका सरळ कधी राहत नाही. एक्सेल जमत नसेल तर साधा नियम: सगळ्यात कमी आकडा सगळ्यात जास्त आकड्याच्या निम्म्यापेक्षा खाली जाऊ देऊ नका.

तुमचे आकडे इतके सारखे येणार नाहीत. डावी बाजू आणि उजवी बाजू यांत चार-पाच थेंबांचा फरक चालतो. एका बाजूला सलग तीन-चार कार्डं कमी असतील तर वारा तिरका होता का ते आधी बघा. उलट दिशेने एक फेरी मारा. कमजोर बाजू ड्रोनसोबत फिरली तर नोझल दोषी, वावराच्या त्याच बाजूला राहिली तर वारा. मध्यावर मोठा खड्डा आणि दोन्हीकडे उंच शिखरं दिसली तर ड्रोन फार खाली उडतोय.

उंची, वेग आणि टाकीचं वजन

पात्यांचा खाली येणारा वारा हा ड्रोनच्या फवाऱ्याचा अर्धा जोर आहे. तो थेंबाला खाली ढकलतो, पानं हलवतो आणि आत शिरतो. दीड मीटरच्या खाली उडवलं तर तो वारा जमिनीवर आपटून बाजूला पळतो, कोवळं सोयाबीन लोळतं आणि पट्टा आखडतो. तीन मीटरच्या वर गेलं तर तो पिकापर्यंत पोचताना विरतो आणि थेंब नुसत्या वाऱ्याच्या हवाली होतात. वेग वाढला की हा वारा मागे कलतो. सेकंदाला पाच-सहा मीटरच्या वर गेलं की थेंब ड्रोनच्या मागे घुसळत राहतात. म्हणून दोन, अडीच आणि तीन मीटर या तिन्ही उंचींवर पट्टा मोजा, आणि तुमच्या यंत्राला जी उंची सगळ्यात सपाट आकडे देते ती कायम ठेवा.

एक गोष्ट बहुतेक जण सोडून देतात. टाकी भरलेली असते तेव्हा ड्रोन १० किलोने जड असतो, पाती जोरात फिरतात आणि खालचा वारा तेज असतो. टाकी संपत आली की तोच वारा मंद होतो. पट्टा भरल्या टाकीवर एकदा आणि दोन लिटर उरलेले असताना एकदा मोजा. दोन्हींत जी रुंदी कमी निघेल ती सेटिंगमध्ये भरा.

पऱ्हाटीच्या आत काय पोचतं

सपाट रानावरचा पट्टा बरोबर आला म्हणजे कपाशीतही काम झालं असं नाही. सप्टेंबरमध्ये चार-पाच फूट वाढलेली पऱ्हाटी घ्या, पाच झाडं निवडा. प्रत्येक झाडावर शेंड्याला, मध्याला आणि खालच्या फांदीवर कार्डं लावा, प्रत्येक जागी एक पानाच्या वर आणि एक पानाच्या खाली तोंड करून. एकूण ३० कार्डं. पुन्हा नुसत्या पाण्याने फवारा.

कीटकनाशकासाठी चौरस सेंटीमीटरला २० ते ३० थेंब, उगवणीनंतरच्या स्पर्शजन्य (जिथे पडेल तिथेच काम करणाऱ्या) तणनाशकासाठी ३० ते ४० आणि बुरशीनाशकासाठी ५० ते ७० असं साधारण माप धरलं जातं. शेंड्यावर ते सहज मिळेल. मध्यावर निम्मं मिळालं तरी चांगलं. पानाखाली फारच कमी थेंब दिसतील, आणि हे नीट समजून घ्या: तुडतुडे आणि पांढरी माशी पानाखाली असते. तिथे ड्रोनने स्पर्शजन्य औषध मारून निकालाची अपेक्षा धरू नये. पानातून झिरपणारं किंवा आंतरप्रवाही (झाडाच्या रसातून पसरणारं), आणि ड्रोनसाठी लेबलवर परवानगी असलेलंच औषध निवडावं. गुलाबी बोंडअळी बोंडाच्या आत गेल्यावर तर कोणत्याच यंत्राचा फवारा तिच्यापर्यंत पोचत नाही. ड्रोनचा उपयोग फूल-पातीच्या (फुलं आणि कळ्यांच्या) काळात, कामगंध सापळ्यात पतंग वाढू लागतात तेव्हा आहे.

मध्यावर दहाच्या खाली आलं तर आधी वेग तीनवर आणा, मग पाणी एकरी १० वरून १५ लिटर करा. उंची कमी करणं हा शेवटचा उपाय. मोर्शी-वरूडच्या संत्र्याच्या बागांत हीच चाचणी झाडाच्या आतल्या खोडाजवळ कार्डं लावून करावी. दाट झाडात एकरी १० लिटर अजिबात पुरत नाही, हे कार्डं स्वतःच दाखवतात.

उडता तुषार

१०० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) थेंब तीन मीटरवरून स्थिर हवेत पडायला सुमारे दहा सेकंद घेतो. ताशी पाच किलोमीटरच्या वाऱ्यात तेवढ्यात तो १४ मीटर वाहतो. २०० मायक्रॉनचा थेंब त्याच्या निम्म्याहून कमी वेळात खाली येतो. तणनाशकाला जाड थेंब का हवा, ते यावरून कळतं.

तपासायला वावराच्या वाऱ्याखालच्या धुऱ्यापासून २, ५, १०, २० आणि ३० मीटरवर प्रत्येकी तीन कार्डं काठ्यांवर पीक-उंचीला उभी लावा, तोंड वाऱ्याकडे. ड्रोनने धुऱ्याला समांतर चार फेऱ्या माराव्यात, वारा आडवा असताना. २० मीटरवर थेंब मोजता येत असतील तर नोझल बदला: हवा ओढणारा जाड थेंबाचा नोझल, किंवा एक माप मोठा नोझल कमी दाबावर. फिरत्या चकतीचे नोझल असतील तर चकतीचा वेग कमी करून थेंब जाड होतो, बहुतेक रिमोटवर मायक्रॉनचा आकडाच भरता येतो. हे कागद साधारण ५० मायक्रॉनखालचा थेंब नीट दाखवत नाहीत, म्हणून कार्ड कोरं आलं तरी धुऱ्याशेजारी शेवटचा एक पट्टा फवारू नये. विहीर, ढोरांचं पाणी पिण्याचं ठिकाण, मधमाश्यांच्या पेट्या, तुतीची लागवड या बाजूला असतील तर वारा उलटा असलेला दिवस निवडावा.

कीटकनाशक नियम १९७१ मधल्या नियम ४३ मध्ये हवाई फवारणीची सूचना लोकांना किमान २४ तास आधी द्यायची अट आहे. ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहा आणि शेजारच्या चार वावरवाल्यांना फोन करा.

मिश्रण

ड्रोनमध्ये डोस एकरी तोच राहतो, पाणी मात्र १५०-२०० लिटरवरून १० लिटरवर येतं. म्हणजे द्रावण पंधरा-वीस पट तेज. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी आणि मजूर दगावले. ड्रोन माणसाला पिकातून बाहेर काढतो हे खरं, पण धोका संपत नाही. तो टाकी भरणाऱ्याकडे जातो. नायट्राइलचे हातमोजे, चष्मा, मास्क, पूर्ण बाह्यांचे कपडे आणि गमबूट हे त्याच्या अंगावर असल्याशिवाय झाकण उघडू नये.

दोन-तीन औषधं एकत्र करायची असतील तर आधी बाटलीत करून बघा. एकरी १० लिटरच्या हिशेबाने ५०० मिली म्हणजे विसावा भाग. एकरी ८० ग्रॅम दाणेदार असेल तर ४ ग्रॅम, २०० मिली द्रव असेल तर १० मिली. काचेच्या बाटलीत अर्धं पाणी घ्या, आधी पावडर किंवा पाण्यात विरघळणारे दाणे, मग घट्ट पांढरं प्रवाही औषध, मग तेलकट ईसी (पाण्यात दुधाळ होणारं औषध), मग पाण्यात विरघळणारं द्रव, शेवटी स्टिकर (औषध पानाला चिकटवणारं द्रव). प्रत्येकानंतर हलवा. अर्धा तास ठेवा. दूध फाटल्यासारखे गोळे, तळाला गाळ किंवा बाटली गरम लागली तर ते मिश्रण टाकीत जाता कामा नये. १५ लिटरच्या पाठीवरच्या पंपात जे बिनधास्त चालतं ते दहा लिटरच्या तेज द्रावणात नोझलची जाळी पाच मिनिटांत बुजवतं. टॉनिकच्या पुड्या त्यात सगळ्यात वाईट.

पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात, अकोला-अमरावती-बुलढाण्याच्या भागात, बोअरचं पाणी वापरू नका. क्षार जाळीवर बसतात आणि ग्लायफोसेट, २,४-डी सारख्या तणनाशकांचा जोर कमी करतात. एकरी दहाच लिटर लागतात, तेवढं गोडं पाणी कॅनने आणणं अवघड नाही.

धुणं आणि पुन्हा तपासणी

प्रवाहाची साठ सेकंदांची मोजणी फवारणीच्या प्रत्येक दिवशी सकाळी करा, पाच मिनिटांचं काम आहे. पट्टा हंगामाआधी एकदा, आणि नोझल, पंप किंवा पाती बदलली, नोझलची जागा हलवली, सॉफ्टवेअर अपडेट केलं की पुन्हा. अपडेटनंतर प्रवाहमापीची जुनी दुरुस्ती पुसली गेलेली आढळते.

काम संपल्यावर टाकी तीनदा धुवा, दर वेळी दोन लिटर पाणी घेऊन ते पंप आणि चारही नोझलमधून काढा. हे पाणी फवारलेल्याच वावरात सोडा, नाल्यात किंवा विहिरीजवळ नाही. त्याच ड्रोनने आधी २,४-डी मारलं असेल तर फार जपा. कपाशीला त्याचा अंशही सहन होत नाही, पानं भेंडीच्या पानांसारखी चिरत जाऊन अरुंद होतात आणि पाती, म्हणजे कळ्या, गळतात. नळ्या रबराच्या असल्याने औषध त्यांच्यात मुरतं. २,४-डी नंतर लेबलवर सांगितल्याप्रमाणे टाकी धुण्याचं द्रावण भरून रात्रभर ठेवावं, सकाळी गाळणी आणि नोझल सुटे करून धुवावेत, पुन्हा तीनदा स्वच्छ पाणी काढावं. शक्य असेल तर तणनाशकासाठी टाकी-नळ्यांचा वेगळा संच ठेवून त्याच्यावर लाल रंगाने खूण करावी.